मुलांचा स्कोलिओसिस: ब्रेस, वाढीची वर्षं आणि घरातले प्रश्न

चांदणवेल

महिन्याभरापूर्वीची गोष्ट. लेक न्हाऊन आली आणि ओले केस पुढे टाकून टॉवेलने पुसायला वाकली. मी तिच्या मागे उभी होते. पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा वर आलेली दिसली. खवाट्याखाली बरगड्यांचा चांगला बोटभर उंचवटा होता. ती सरळ उभी राहिली आणि तो जवळपास दिसेनासा झाला. परत वाकायला सांगितलं, परत दिसला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

वय १२, पाळी अजून आलेली नाही. एक्स-रेत छातीच्या भागात उजवीकडे २८ अंशांचा बाक निघाला. निदान स्कोलिओसिस, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वाकलेला, त्यातही 'इडिओपॅथिक', म्हणजे नेमकं कारण सांगता येत नाही असा. डॉक्टरांनी ब्रेस सांगितलाय, म्हणजे धडाभोवती पट्ट्यांनी आवळायचा कडक प्लास्टिकचा साचा, दिवसाचे १८ तास. पुढच्या आठवड्यात माप द्यायला जायचंय.

मला सगळ्यात जास्त सलतंय ते वेगळंच. गेली दोन वर्षं मी तिच्यामागे 'सरळ बस, सरळ बस' करत होते. मागच्या वर्षी एक खांदा वर दिसतो म्हणून एका दवाखान्यात नेलंही होतं. तिथे तिची पाठ उघडी करून कुणी पाहिली नाही. 'दप्तर एकाच खांद्यावर घेते, पोक काढून बसते' एवढं सांगून परत पाठवलं. घरी येऊन मी तिला त्यावरूनही बोलले.

ज्यांच्या घरात हे आहे, ज्यांनी स्वतः ब्रेस घातलाय, त्यांनी कृपया लिहा. ब्रेसने खरंच फरक पडतो का? व्यायामाने जाईल का? शाळेत कसं करायचं? आणि तिला काय सांगू?

पिंपळपान

चांदणवेल, आमच्या मुलाच्या बाबतीत शिंप्याने सांगितलं होतं. पँटची एक बाजू सारखी वर जाते, कंबर सारखी नाही म्हणाला. तेव्हा १७ अंश होते. सध्या फक्त लक्ष ठेवायला सांगितलंय, सहा महिन्यांनी परत एक्स-रे. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

मेघमल्हार

मी लहान मुलांच्या हाडांचा डॉक्टर आहे. इथून कुणाच्या मुलाचं निदान करणार नाही, पण काही गोष्टी स्पष्ट करतो, कारण गैरसमजांमुळे मुलांचे महिने वाया जातात.

आधी चांदणवेल यांच्या मनातला सल. बसण्याच्या सवयीने स्कोलिओसिस होत नाही. दप्तरानेही होत नाही. यात कणा नुसता बाजूला झुकत नाही, मणके स्वतःभोवती पिळलेही जातात. छातीच्या मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असतात, त्यामुळे मणका पिळला की एका बाजूच्या बरगड्या मागे येतात. वाकल्यावर दिसणारा उंचवटा तोच. पोक काढून बसणाऱ्या मुलाला सरळ बस म्हटलं तर पोक जातं, पिळलेला मणका मात्र सांगून सरळ होत नाही. त्या मुलीने कितीही प्रयत्न केला असता तरी तिला ते जमण्यासारखं नव्हतं.

तुम्ही न्हाणीघराच्या दाराशी जे पाहिलंत तीच डॉक्टरांची पहिली तपासणी असते. विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रज शल्यविशारदाच्या नावाने ती ओळखली जाते, १८६५ पासून. पाय जुळवलेले, गुडघे ताठ, तळहात जोडून कमरेतून पुढे वाकायचं आणि पाहणाऱ्याने मागून पाठीच्या पातळीवर डोळे आणायचे. १० ते १४ वयाच्या मुलांची पाठ आईवडिलांनी सहा महिन्यांतून एकदा अशी पाहावी, मिनिटभराचं काम आहे. सख्ख्या भावंडांची तर नक्कीच पाहावी, कारण हा एकाच घरात पुन्हा आढळतो.

आता अंश. जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये सांगितलेल्या पद्धतीने एक्स-रेवर कोन मोजतात. १० किंवा जास्त असेल तर स्कोलिओसिस म्हणायचं. १०० किशोरवयीन मुलांत २-३ जणांना एवढा बाक असतो आणि त्यातल्या बहुतेकांना कधीही उपचार लागत नाहीत. छोटे बाक मुलामुलींत साधारण सारखेच, मोठे होणारे मात्र मुलींमध्ये कितीतरी जास्त. एक लक्षात ठेवा: तोच एक्स-रे दोनदा मोजला तरी ५ अंशांपर्यंत फरक येऊ शकतो. २८ चे ३० झाले म्हणून घाबरू नका आणि २६ झाले म्हणून ब्रेस काढू नका.

पण आम्ही नुसता कोन पाहून ठरवत नाही. मुलाची वाढ किती उरली आहे हे पाहतो. कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेला वाढीची एक पट्टी एक्स-रेत दिसते, तिच्यावरून ० ते ५ असा 'रिसर' आकडा देतात. ० म्हणजे बरीच वाढ बाकी, ५ म्हणजे संपली. मुलींची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती पहिली पाळी येण्याच्या आधीच्या वर्षात. बाकही तेव्हाच वाढतो. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात २० ते २९ अंश आणि रिसर ० किंवा १ असलेल्या मुलांपैकी ६८ टक्क्यांचा बाक वाढला होता. तेवढेच अंश पण रिसर २ ते ४ असेल, तर २३ टक्के. म्हणजे २८ अंशांना १२ व्या वर्षी एक अर्थ आहे आणि १६ व्या वर्षी दुसराच. १२ वर्षं, पाळी नाही, २८ अंश: इथे थांबून पाहू म्हणण्यात अर्थ नाही. तुमच्या डॉक्टरांनी ब्रेस सांगितला ते योग्यच वाटतं.

ढोबळपणे सांगायचं तर २५ च्या आत दर चार-सहा महिन्यांनी तपासणी, वाढत्या मुलात २५ ते ४० असेल तर ब्रेस, आणि ४५-५० च्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार. वाढ पूर्ण झाल्यावर ३० च्या आतले बाक सहसा आहेत तिथेच राहतात. ५० च्या पुढचे मात्र मोठेपणीही हळूहळू, वर्षाला साधारण एक अंश या गतीने वाढत राहू शकतात. म्हणून ५० च्या आत थांबवणं हे ब्रेसचं काम आहे. ब्रेस बाक नाहीसा करत नाही, वाढू देत नाही. ही अपेक्षा पहिल्याच दिवशी मुलीलाही सांगा, नाहीतर वर्षभराने तिला फसवल्यासारखं वाटेल.

चांदणवेल

डॉक्टर, 'तिला ते जमण्यासारखं नव्हतं' हे वाक्य मी तिला वाचून दाखवलं. काही बोलली नाही, पण फोन माझ्या हातातून घेऊन स्वतः परत वाचलं. रिपोर्टमध्ये रिसर ० आहे.

ब्रेस खरंच उपयोगी पडतो याला काही पुरावा आहे का? घरातले मोठे म्हणताहेत, एवढ्या लहान पोरीला कशाला जखडून ठेवता.

मेघमल्हार

आहे. २०१३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ब्रेसविषयीचा मोठा अभ्यास आला. १० ते १५ वयाची, २० ते ४० अंशांची मुलं होती. वाढ पूर्ण होईपर्यंत बाक ५० च्या आत राहिला तर यश मानायचं. ब्रेसवाल्यांत ७२ टक्के यशस्वी झाले, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ४८ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्या वेळेआधी थांबवला. त्या ब्रेसमध्ये तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं बसवलेली होती, त्यामुळे कुणी किती तास घातला हे खरं खरं कळलं. दिवसाला सरासरी १३ तासांहून जास्त घालणाऱ्यांत यश ९० टक्क्यांच्या वर गेलं. ६ तासांपेक्षा कमी घालणाऱ्यांना न घालणाऱ्यांपेक्षा काहीच जास्त मिळालं नाही.

४८ टक्के हा आकडाही मी लपवत नाही. ब्रेसशिवायही बऱ्याच मुलांचा बाक ५० पर्यंत जात नाही. अडचण ही की ती मुलं कोणती हे आधी सांगता येत नाही. तुमच्या मुलीच्या वयाचा आणि रिसरचा विचार केला तर मी तरी जोखीम घेणार नाही.

शिंपला

पोहायला घाला. आमच्या ओळखीत एका मुलाची पाठ पोहून सरळ झाली. बारला लटकणं आणि रोज मालीश हेही करून पाहा. प्लास्टिकमध्ये कोंडण्याआधी एवढं तरी करायला काय हरकत आहे?

दवबिंदू

मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज या मुलांबरोबर काम करते. शिंपला, तुम्ही काळजीने लिहिलंय, पण 'आधी' या शब्दाला माझी हरकत आहे. त्या 'आधी'मध्येच सहा-आठ महिने जातात, आणि १२ वर्षांच्या मुलीचे तेच महिने सगळ्यात मोलाचे असतात.

पोहण्याने दम वाढतो, पाठीचे स्नायू तगडे होतात, मूल आनंदात राहतं. जरूर पोहू द्या. त्याने पिळलेला मणका सुटत नाही. बारला लटकल्यावर कणा जरा लांबतो, खाली उतरलं की होता तसा. मालिशीने दुखणारा स्नायू सैल होतो, बाक नाही. ओळखीतल्या त्या मुलाला एक पाय आखूड असल्याने किंवा स्नायू आखडल्याने आलेला तात्पुरता बाक असू शकतो. त्यात मणके पिळलेले नसतात आणि मूळ कारण गेलं की तो जातो. त्याला स्कोलिओसिस म्हणून मोजूच नये.

स्कोलिओसिससाठी खास व्यायाम आहेत, श्रॉथ पद्धत त्यातली सर्वांत जुनी. कॅथरिना श्रॉथ या जर्मन बाईंना स्वतःला स्कोलिओसिस होता. आरशासमोर उभं राहून, दबलेल्या बाजूच्या बरगड्यांमध्ये श्वास भरून त्यांनी स्वतःवर प्रयोग केले आणि १९२१ मध्ये इतरांवर उपचार सुरू केले. मी हेच शिकवते. मुलीला पाठीमागे आरसा धरून दाखवायचं: ही बाजू खोल गेलीय, इथे माझ्या बोटांखाली श्वास आण. पहिल्या दिवशी बोटाखाली काहीच हलत नाही. तीन-चार आठवड्यांनी ती जागा फुगायला लागते आणि त्या पोरीचा चेहरा बघण्यासारखा असतो. ब्रेसबरोबर हे केलं तर पाठ ताठरत नाही आणि शरीर आपल्या ताब्यात आहे असं मुलाला वाटतं. पण २८ अंश आणि रिसर ० असताना ब्रेसऐवजी नुसता व्यायाम, हे मी कुणालाही सांगणार नाही.

कवडसा

मी १३ ते १५ ब्रेस घातला. आता ३१ वर्षांची आहे. हे मुलीच्या बाजूने लिहितेय.

पहिला आठवडा वाईट असतो. कमरेच्या हाडावर रग लागते, जेवताना दोन घासांत पोट भरतं, खाली पडलेलं पेन उचलायला गुडघ्यांवर बसावं लागतं. रात्री कूस बदलताना अख्खं अंग एका तुकड्यात फिरतं. कुणी मिठी मारली की त्यांना कडक टरफल लागतं आणि ते दचकतात, आणि ते दचकलेलं आपल्याला कळतं. मला सगळ्यात जास्त ते लागायचं.

माझी आई तास मोजायची. भिंतीवर तक्ता होता. मी शाळेच्या बाथरूममध्ये ब्रेस काढून दप्तरात कोंबायचे आणि सुटायच्या आधी परत चढवायचे. तक्त्यावर १८ लिहिलेलं असायचं, प्रत्यक्षात ११-१२. पुढच्या तपासणीत २९ चे ३६ निघाले. आईने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. डॉक्टरांनी आईला बाहेर बसायला सांगितलं, दोन्ही एक्स-रे माझ्यासमोर लावले आणि विचारलं, 'तुला काय जमेल?' तोवर मला हे कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, शाळेत नको, बाकी सगळा वेळ घालते. ते म्हणाले, चालेल, पण मग बाकी सगळा वेळ म्हणजे सगळा वेळ. तेव्हापासून तक्ता मी भरायला लागले, आणि खरा भरला. तपासण्यांमध्ये एकदोन अंश इकडेतिकडे, पण ३६ च्या पुढे गेला नाही. आजही ३५-३६ आहे.

आता खूप वेळ बसलं की पाठ भरून येते. उठते, चालते, बरं वाटतं. नोकरी करते, डोंगर चढते, मुलगा चार वर्षांचा आहे, बाळंतपणात पाठीचा काही त्रास झाला नाही. चांदणवेल, तासांचा हिशेब तिच्या हातात द्या. तुम्ही फक्त पट्टे आवळायला मदत करा.

चांदणवेल

कवडसा, रडले वाचताना. तक्त्याचा कागद मी आजच आखला होता. आता तो तिला देते.

दवबिंदू

ब्रेसच्या रोजच्या गोष्टी, नव्या पालकांसाठी:

आत शिवण नसलेली, अंगाबरोबर बसणारी पातळ सुती बंडी घाला, ब्रेसच्या खालपर्यंत येईल एवढी लांब. चुणी पडली की तिथे वळ उठतो. ब्रेस काढल्यावर लाल खुणा दिसणारच. अर्ध्या तासात गेल्या तर ठीक. त्याहून जास्त राहिल्या, त्वचा सोलली किंवा फोड आला तर ब्रेस बनवणाऱ्याला दाखवा, घरी कापूस कोंबू नका. आत क्रीम, तेल लावायचं नाही, त्वचा मऊ पडून लवकर सोलते. पट्टे कुठवर ओढायचे तिथे पेनने रेघ मारून ठेवा, नाहीतर दर आठवड्याला नकळत सैल होत जातात, आणि सैल ब्रेस म्हणजे नुसतं ओझं. पहिल्या दिवशी दोन-तीन तास, मग वाढवत एक-दोन आठवड्यांत पूर्ण वेळ. अंघोळ आणि खेळ यांच्यासाठी काढायचा. खेळ बंद करू नका, उसेन बोल्टलाही स्कोलिओसिस आहे. थोडं थोडं, जास्त वेळा खाऊ द्या.

ब्रेस घातलेल्या अवस्थेतला एक्स-रे मागून घ्या. त्यात बाक साधारण निम्म्यावर आलेला दिसला तर ब्रेस चांगला बसलाय. फारच कमी फरक असेल तर तो परत दुरुस्त करून घ्यायचा.

पिंपळपान

इतके एक्स-रे काढणं सुरक्षित आहे का? आणि आमच्या मुलाची पाठ मधूनमधून दुखते, ते यामुळेच असेल ना?

मेघमल्हार

एक्स-रे पाठीमागून पुढे असा काढायला सांगा, म्हणजे छातीला किरण कमी लागतात. काही ठिकाणी फार कमी किरणांत उभ्याने पूर्ण कण्याची प्रतिमा घेणारं यंत्र असतं, मिळालं तर उत्तम. विनाकारण दर महिन्याला काढू नका, पण भीतीने चुकवूही नका.

दुखण्याबद्दल: या मुलांना थोडीफार पाठदुखी असू शकते, पण जोराचं किंवा रात्री झोपेतून उठवणारं दुखणं हे साध्या इडिओपॅथिक बाकाचं लक्षण नाही. तसंच पायात अशक्तपणा, चालण्यात बदल, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, छातीतला बाक डावीकडे असणं, फार झपाट्याने वाढणं, कण्यावर केसांचा पुंजका, अंगावर कॉफीच्या रंगाचे बरेच डाग. यातलं काहीही असेल तर एमआरआय आणि इतर तपासण्या लागतात, कारण मूळ दुखणं मज्जारज्जूत किंवा दुसरीकडे असू शकतं. जन्मतःच मणक्याची घडण वेगळी असेल तर मूत्रपिंड आणि हृदयही तपासतात, कारण गर्भात त्यांची घडण त्याच सुमारास होत असते.

ओंजळ

आमचं बाळ ११ महिन्यांचं असताना कळलं. उताणं झोपलं की एका बाजूला चंद्रकोरीसारखं वळायचं. आमच्याकडे ब्रेस नाही, प्लास्टर होतं. भूल देऊन, धडाभोवती, दर दोन-तीन महिन्यांनी नवीन. ही पद्धत डॉ. मिन मेहता यांनी मांडली. त्या इंग्लंडमध्ये स्टॅनमोरच्या रॉयल नॅशनल ऑर्थोपेडिक हॉस्पिटलमध्ये काम करत. बाळाचा बाक आपोआप जाईल की वाढेल हे बरगडी आणि मणक्यामधल्या कोनांवरून ओळखायची रीत त्यांनी १९७२ मध्ये दिली, आणि लवकर प्लास्टर केलं तर वाढच कण्याला सरळ करते हे २००५ मध्ये दाखवून दिलं. आमच्या बाळाचे ४२ अंश होते, पाच प्लास्टरनंतर १४ वर आलेत. प्लास्टर काढल्यावर पहिल्या अंघोळीत ते पाण्यात हात आपटत इतकं हसलं! चांदणवेल, वय वेगळं आहे पण वाढ हाताशी आहे तोवर तिच्याकडून काम करून घ्यायचं हे तुमच्याकडेही तेच.

काजवा

शस्त्रक्रियेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मुलगा १४ वर्षांचा असताना ५६ अंश. आम्हाला उशिरा कळलं, मुलगे कपडे बदलताना दार लावून घेतात.

मणक्यांत स्क्रू, त्यांना दोन सळया, आणि मध्ये हाडाचे तुकडे घालून तेवढे मणके कायमचे एकमेकांना जुळतात. साडेसहा तास लागले. मज्जारज्जूचे संदेश सगळा वेळ यंत्रावर पाहत होते. मज्जातंतूंना इजा होण्याचा धोका १ टक्क्याहून कमी असं सांगितलं होतं, तरी आत गेल्यापासून मी तेवढ्यावरच अडकलो होतो. बाहेर आल्यावर डॉक्टर पहिलं म्हणाले, 'दोन्ही पायांची बोटं हलवली.'

दुसऱ्या दिवशी बसवलं, तिसऱ्या दिवशी चालवलं. पहिले चार दिवस दुखणं भरपूर, खोटं सांगणार नाही. कूस बदलताना खांदा आणि कंबर एकदम वळवायची, मधे पिळायचं नाही. पाच आठवड्यांनी शाळा, सहा महिन्यांनी सायकल. व्रणाशेजारी तळहाताएवढ्या जागेत अजून बधिर आहे. दाराच्या चौकटीवर त्याच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा आहेत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची आणि घरी आल्यावरची, दोन्हींत चार सेंटिमीटरचं अंतर आहे. तो अजून तिथे बोट ठेवून दाखवतो.

चांदणवेल

सात आठवड्यांनी लिहितेय. ब्रेस आला. ब्रेसमधल्या एक्स-रेत २८ चे १३ दिसले. पहिले चार दिवस रडारड, पाचव्या दिवशी उजव्या कमरेवरचा वळ जाईना म्हणून परत नेलं, त्यांनी तिथली कड तापवून बाहेर वळवली, त्यानंतर वळ नाही.

तक्ता तिच्याकडे आहे. मागच्या आठवड्यात १७, १६, १७, ९, १८, १७, १६. नऊच्या दिवशी मैत्रिणीचा वाढदिवस होता. तिने मला न विचारता नऊ लिहिलं आणि मीही काही विचारलं नाही. शाळेत तिने स्वतःच वर्गात सांगितलं, ब्रेसवर टकटक करून दाखवलं, आता मुली टकटक करून मग मिठी मारतात.

काल ती टेबलाशी अभ्यासाला बसली होती. माझ्या तोंडाशी 'सरळ' एवढं आलं होतं. तिने वळून पाहिलं आणि म्हणाली, 'आई, पट्टा जरा ओढ ना, रेघेपर्यंत नाही आलाय.' ओढून दिला.

दवबिंदू, एक विचारायचं होतं. श्वासाचा व्यायाम ब्रेस घालून करायचा की काढून?

दवबिंदू

दोन्ही. आधी काढून, आरशासमोर वीस मिनिटं. मग ब्रेस घालून, ज्या बाजूला आत मोकळी जागा ठेवलेली असते तिकडे श्वास भरायचा. ती जागा त्यासाठीच असते. तिला हात लावून शोधू द्या, सापडेल.